हरायची शिकवणी

सविता दिवाळीला माहेरी आली, संक्रांत झाली, पाडवा झाला, तरी तिला न्यायला कोणी आलं नाही. पोरगी माहेरी किती दिवस राहिली म्हणजे ती पाहुणी राहत नाही, हे वालूरमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. पण बापाच्या तोंडावर तसं बोलायचं नाही, एवढी माणुसकी गावात अजून शिल्लक आहे. त्यामुळे लोक नुसतं विचारायचे, "सविता दिसली परवा दळणाला. हाय व्हय अजून?"

"हाय," लिंबाजी म्हणायचा आणि चालायला लागायचा.

भांडण म्हणावं असं भांडणही झालेलं नव्हतं. जावई आदिनाथ मूळचा मानवतचा. पुण्यात कंपनीत होता, मोठ्या सोसायटीत राहत होता. त्या सोसायटीत पिकलबॉल नावाचा खेळ आला होता. मध्ये जाळी, हातात फळी, आणि भोकाभोकाचा प्लास्टिकचा चेंडू. कंपनीतले साहेब लोकही तिथंच खेळायला यायचे. एकदा आदिनाथने सविताला खेळायला नेलं. नियम काही सांगितला नाही, नुसती फळी हातात दिली. जाळीजवळची सात फुटांची पट्टी असते, तिला किचन म्हणतात. तिथं उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारला की चूक धरतात. सविताने नेमकं तेच केलं. आदिनाथ साहेबांकडे बघून म्हणाला, "गावाकडची आहे सर. किचन दिसलं की शिरते." सगळे हसले. सगळ्यांत जास्त तोच हसला. पुढं घरात रोज त्यावरून धुसफूस होत गेली आणि दिवाळीत तो म्हणाला, "तुला चार माणसांत न्यायची सोय नाही. राहून ये थोडे दिवस."

आणि आता धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वर कपडे आणि भांडं द्यायचं. या आमंत्रणाला जावई सहसा नाही म्हणत नाही. लिंबाजीने फोन लावला.

"येतो मामा," आदिनाथ म्हणाला, "पण माझी अडचण अशी आहे, रोज सकाळी खेळल्याशिवाय माझं अंग मोकळं होत नाही. तुमच्याकडे कुठं आलीय सोय."

तो टाळत होता. लिंबाजीला ती अट वाटली.

"या तर खरं, जावईबापू. सोय करतो," तो बोलून बसला.

फोन ठेवल्यावर त्याची बायको कडूबाई म्हणाली, "आवो, कशाची सोय? त्या खेळानं तर पोरगी घरी बसलीय."

"म्हणूनच. आपल्याला बी खेळता येतंय म्हणल्यावर त्यांचा राग जाईल. न्हेतील तिला."

गावातल्या शाळेत नागसेन सर खेळ शिकवायचे. तरुण माणूस, परभणीला जाऊन या खेळाचं शिबिर करून आलेला. शाळेची जाळी आणि चार फळ्या त्यांच्याकडे होत्या. लिंबाजी धाकट्या भावाला, बन्सीधरला, घेऊन त्यांच्याकडे गेला. सरांना फार आनंद झाला. गावात पहिल्यांदाच कोणीतरी मोठं माणूस खेळ शिकायला आलं होतं.

"बसा काका. आधी सर्व्ह. हात कमरेखालून आणायचा, चेंडू समोरच्या तिरक्या चौकोनात टाकायचा. तिथं तो टप्पा घेणार, मग समोरचा मारणार. त्याचा मारलेला चेंडू आपल्याकडं आला की आपणबी टप्पा पडू द्यायचा. त्यानंतर मग हवेत मारायला हरकत नाही. त्याला व्हॉली म्हणायचं. जोरात सरळ हाणला तो ड्राइव्ह. डोक्यावरून उंच टाकला तो लॉब. आणि जाळीवरून अलगद, समोरच्या किचनमध्ये पडंल असा सोडला, तो डिंक. या खेळाचा जीव डिंकात आहे."

लिंबाजीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, हे जिंकायचं झालं. आमाला हरायचं सांगा."

"म्हंजे?"

"जावयाला हरवून पोरगी कशी धाडू? धोंड्याचा महिना हाय. हरायचं कसं, तेवढंच शिकवा."

"काका, हरायला शिकावं लागत नाही."

"लागतंय. त्यांना कळू न देता हरायचं हाय. मुद्दाम हरलो म्हणल्यावर आणखी राग धरतील."

नागसेन सरांनी डोक्याला हात लावला. पण सविता त्यांच्या बायकोची मैत्रीण होती. सर तयार झाले, आणि शिकवणी उलट्या बाजूने सुरू झाली. सोयाबीन वाळवायच्या सिमेंटच्या खळ्यावर फक्कीने रेघा मारल्या. सर्व्ह जाळीत कशी घालायची, टप्पा पडायच्या आधीच चेंडू कसा मारायचा, किचनमध्ये पाय कसा घालायचा, हे दोघे भाऊ रोज संध्याकाळी घोकू लागले. लिंबाजीला ते पटकन जमलं. पोरीच्या लग्नात वरपक्षापुढं तो सगळ्याच बाबतीत हरला होता. फरक एवढाच, की तिथं कोणी गुण मोजत नव्हतं. बन्सीधर तर इतका तयार झाला, की चेंडू दिसला की त्याचा पाय आपोआप किचनमध्ये जायचा.

सविता दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "आबा, मी येऊ का खेळायला?"

"तू लांबच ऱ्हा, माय. तुझ्याच पायी हे सगळं चाललंय."

तिने पुन्हा विचारलं नाही.

आदिनाथ शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन आला. रविवारी सकाळी पांढरे बूट, डोक्याला पट्टी, हातात स्वतःची चकचकीत फळी असा खळ्यावर उतरला. कडूबाईने रात्रीच दोन्ही किचनच्या कोपऱ्यांत रांगोळीची कमळं काढून ठेवली होती. जावयाच्या पायाखाली नुसत्या रेघा तिला बऱ्या दिसेनात.

"वा मामा! कोर्ट तर झकास केलंय. मग, जोड्या कशा?"

इथं पहिली अडचण झाली. चौघांच्या खेळात जावयालाही जोडीदार लागतो, याचा विचार कोणी केलाच नव्हता. लिंबाजी आणि सर एका बाजूला ठरले होते, म्हणून बन्सीधर उरला. तो जावयाकडे गेला. आठवडाभर फक्त हरायला शिकलेला माणूस जिंकायच्या बाजूला उभा राहिला.

पाहुणा म्हणून पहिली सर्व्ह आदिनाथची. त्याने मोठ्याने पुकारा केला, "शून्य, शून्य, दोन!" आणि चेंडू जाळीत मारला. जोडीतल्या दोघांनाही सर्व्ह मिळते, पण डावाच्या पहिल्या पाळीत एकालाच; तो दुसरा गडी धरतात, म्हणून ते 'दोन'.

"वारं हाय," लिंबाजी म्हणाला. झाडाचं पान हलत नव्हतं.

सर्व्ह इकडे आली. लिंबाजीने ती शिकल्याप्रमाणे जाळीत घातली. मग सरांची पाळी. सरांनीही जाळीतच घालायची ठरवली होती, पण खेळ शिकवणारा हात ऐकेना. चेंडू जाळीवरून सुरेख गेला आणि चौकोनात पडला. आदिनाथने फळी फिरवली. चेंडू तिच्याखालून गेला.

पोरीकडच्यांना एक गुण.

कडूबाईने दारातून कपाळावर हात मारला.

"सर!" लिंबाजी दातओठ खात पुटपुटला.

"सवय, काका. चुकून गेलं."

गुण मिळवल्यावर सरांना जागा बदलून पुन्हा सर्व्ह करायची होती. या वेळी चेंडू बन्सीधरकडे गेला. बन्सीधरने शिकवल्याबरहुकूम टप्पा पडायच्या आत, हवेतच तो जोरात हाणला. दुसरा गुण.

"आरं बन्सी! तू आज त्यांच्याकडून हायस ना!"

"दादा, मला एवढंच शिकवलंय," बन्सीधर रडकुंडीला येऊन म्हणाला.

आदिनाथचा चेहरा उतरायला लागला. सरांनी देवाचं नाव घेऊन पुढची सर्व्ह जाळीत घातली आणि पाळी एकदाची जावयाकडे गेली. पण या खेळाची गंमत अशी, की ज्याची सर्व्ह त्यालाच गुण मिळतो. जावयाला गुण द्यायचा तर आधी जावयाची सर्व्ह आत पडायला हवी होती, आणि ती काही केल्या आत पडेना. कधी जाळीत, कधी बाभळीखाली. बन्सीधरला तर सर्व्ह आत टाकायचं ठाऊकच नव्हतं. इकडची सर्व्ह मुद्दाम वाया, तिकडची न येऊन वाया. चार माणसं घामाघूम होऊन पळत होती आणि दोन-शून्यच्या पुढं काही सरकत नव्हतं. कुंपणापाशी माणसं जमली. ऊन चढलं. आत पुरण आटत चाललं.

लिंबाजीला कळून चुकलं, की जो जिंकूच शकत नाही त्याच्याशी हरणं हे जगातलं सगळ्यांत अवघड काम आहे.

आदिनाथची पुढची सर्व्ह खळं ओलांडून थेट कडब्याच्या गंजीवर जाऊन बसली.

"आत!" लिंबाजी ओरडला.

"काका?" सर म्हणाले.

"आतच हाय. मी बगितलं."

"आवो, ती गंजी हाय!"

"रेषेचा निर्णय त्या बाजूच्या खेळाडूने द्यायचा असतो, सर," आदिनाथ फळीने वारा घेत म्हणाला, "आणि शंका असली तर फायदा समोरच्याला. नियम आहे. आमच्याकडे सगळे पाळतात."

बन्सीधर शिडी लावून गंजीवरून चेंडू काढून आला आणि मग डाव सुरळीत चालू लागला. बाभळीखालचा आत, हौदातला आत, शेजाऱ्याच्या पत्र्यावर वाजलेला तर अगदी रेघेवर. सरांचा हात कुठं परतफेड करायला गेलाच, तर लिंबाजी लगबगीने किचनमध्ये शिरून तिकडून आलेला चेंडू हवेत मारायचा आणि दिलगीर चेहरा करायचा. कमळं पुसली गेली. अकरा गुणांचा डाव अकरा-दोनवर संपला. लिंबाजीने कपाळाचा घाम पुसला, जावयाच्या हातात लिंबूपाणी दिलं आणि हात जोडून म्हणाला, "लय भारी खेळता तुमी. आमी आपलं नवशिके. मग जावईबापू, सविताचं..."

"तेच सांगतो, मामा." आदिनाथ आता खुलला होता. "तिला मी बोलतो ते तुम्हाला लागत असेल. पण आज तुम्हीच पाहिलं. तुम्हाला शिकवायला घरी मास्तर, समोर कोर्ट, तरी ही गत. यात तिचा काय दोष? हे घराण्यातच नाही. माझी तिकडे मोठ्या लोकांत ऊठबस. राहू द्या तिला आणखी थोडे दिवस इथंच."

ज्या हरण्यासाठी लिंबाजीने म्हातारपणी गुडघे फोडून घेतले, तेच हरणं जावयाने पुरावा म्हणून त्याच्यापुढं ठेवलं होतं. कुंपणापाशी कोणीतरी खाकरलं.

सविता दारातून खाली उतरली. हाताला लागलेलं पीठ तिने पदराला पुसलं, पदर कमरेला खोचला आणि बापाच्या हातातली फळी घेतली.

"एक डाव माजा."

"अगं बाई, नवरा हाय तुझा!" कडूबाई म्हणाली.

"म्हणूनच खेळते. दुसऱ्याशी कशाला खेळू?"

आदिनाथ हसला. "ये. हौस होऊ दे."

तिची सर्व्ह कमरेखालून निघाली आणि मागच्या रेघेच्या अलीकडं वीतभर पडली. आदिनाथने कसाबसा परत पाठवला. सविताने टप्पा पडू दिला आणि चेंडू असा सोडला, की तो जाळीवर क्षणभर विचार करून पलीकडं उतरल्यासारखा वाटला. आदिनाथ पुढं धावला. तो पोहोचेस्तोवर चेंडूचा दुसरा टप्पा पडला होता.

"डिंक," नागसेन सर पुटपुटले, आणि त्यांचे डोळे पाणावले. इतक्या दिवसांत त्यांच्या शिकवणीतला एक तरी चेंडू पडायचा तिथं पडला होता.

पुढच्या वेळी आदिनाथ आधीच जाळीजवळ येऊन थांबला. तिने लॉब टाकला. तो मागं पळाला, तर तिने पुन्हा अलगद पुढं सोडला. आदिनाथ तसाच वेगात आला आणि टप्प्याची वाट न बघता चेंडू हवेतच हाणला. दोन्ही पांढरे बूट किचनच्या मधोमध होते. कुंपणापाशी तीसेक माणसं उभी होती. कोणी हसलं नाही. जावई होता.

हरत चालला तशी आदिनाथची पुण्याची भाषाही सुटत गेली. आधी "लाइटचा अँगल चुकीचा आहे" म्हणत होता. मग "ऊन लय हाय राव" म्हणाला. शेवटी तर "आगं दमानं घी की!" असं साफ मानवतचं ओरडला. अकरा-शून्यला सविताने फळी बापाच्या हातात परत दिली.

"कधी शिकलीस?" आदिनाथ कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता.

"तुमी कंपनीत गेल्यावर. दुपारी सोसायटीतल्या बायका खेळायच्या. तुमी हसलात, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तुमी कव्हा इचारलं न्हाई."

आदिनाथने डोक्याची पट्टी काढून कपाळ पुसलं. लिंबाजीने डोळे मिटून घेतले. आता हा फळी फेकून निघून जाणार, आणि धोंड्याच्या महिन्यात जावई उपाशी गेला म्हणून गाव सात पिढ्या सांगणार. पण आदिनाथने खिशातून मोबाइल काढला.

"हॅलो, हां, ऐक ना. पुढच्या महिन्यात सोसायटीच्या स्पर्धा आहेत ना, त्यात नवरा-बायकोच्या गटात आपलं नाव टाक. अरे टाक तू. साहेबांना सांग, या वर्षी कप आपला." फोन ठेवून तो सासूकडे वळला. "मामी, हिची बॅग भरा. जेवलं की निघतो आम्ही."

घरात एकदम वारं शिरल्यासारखं झालं. कडूबाई रडायलाही लागली आणि हसायलाही. बन्सीधरने ज्वारीचं पोतं गाडीच्या डिकीत टाकलं. त्यावर तुरीची डाळ, लोणच्याची बरणी आणि धोंड्याचं चांदीचं भांडं आलं. पाट मांडले. आदिनाथ धोंड्यावर तूप ओतून घेत म्हणाला, "पुरण मस्त झालंय." लिंबाजी खांबाला टेकून बसला होता. मागायला गेला ते मिळालं होतं. तरी त्याला, बैल आपला असून दुसऱ्याच्या दावणीला उभा दिसावा, तसं काहीतरी होत होतं.

सविता बाहेर आली. हातात बॅग नव्हती, पाण्याचा तांब्या होता. तो तिने नवऱ्यासमोर ठेवला.

"आवरलं का?" आदिनाथने विचारलं.

"मी न्हाई येत."

कडूबाईच्या हातातली पळी तशीच राहिली.

"न्हाई येत म्हणजे? न्यायला आलोय मी."

"आता आलात. सकाळी आला न्हवतात. सकाळी ऱ्हाऊ द्या म्हणलात, तेवढं मी आयकलंय." तिचा आवाज चढला नव्हता. "उद्या एखादा चेंडू जाळीत गेला तर परत गाडीत घालून आणताल मला. पेट्रोल कशाला जाळता?"

"मामा, हिला काहीतरी सांगा," आदिनाथ म्हणाला.

सगळे लिंबाजीकडे बघू लागले. कडूबाई तर डोळ्यांनी हात जोडत होती. उद्या सकाळी तेच लोक, तोच रस्ता आणि तोच प्रश्न येणार, हे लिंबाजीला दिसत होतं. तो उठला, जावयाच्या ताटात डोकावला आणि म्हणाला, "आणखी एक घ्या, जावईबापू. लांब जायचंय. एकट्यानं गाडी चालवताना पोट भरलेलं असावं."

आदिनाथने आणखी एक घेतला. मग हात धुतले, कपड्यांचा आहेर काखेत मारला आणि गाडीत जाऊन बसला. पोतं, डाळ, बरणी, भांडं, सगळं डिकीतच होतं. ते उतरवायचं कोणालाच सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी दिलेलं परत कसं घेणार. पोरगी तेवढी राहिली.

लिंबाजी रीत म्हणून फाटकापर्यंत गेला. आदिनाथने गाडी सुरू केली, बंद केली आणि काच खाली घेतली. इकडंतिकडं पाहून, कोणी ऐकत नाही अशी खात्री करून तो हळूच म्हणाला, "मामा, राग मानू नका. पण तो चेंडू ती एवढा हळू कसा सोडते? मनगट धरून ठेवते, का ढिलं सोडते?"

"मला काय ठावं, जावईबापू," लिंबाजी म्हणाला, "मी निस्तं हरायचं शिकलोय. आन् ते तुमाला शिकवायला नको."